अंतूभट थांबत असे तेवढा वेळ

हे लिहायचे मी पुष्कळ वर्षे टाळले. टाळायला फारसे कष्ट पडत नाहीत. रोज सकाळी उठायचे, आपापली कामे करायची आणि एक गोष्ट तेवढी बोलायची नाही. मला ते चांगले जमत गेले. आता अंतूला जाऊन महिना उलटला, आणि पुरवणीच्या संपादकांचे पत्र आले, 'काशीतल्या जुन्या मराठी वैदिकांपैकी एक गेले, तुम्ही त्यांचे सहाध्यायी, आठवणी लिहा.' मी लिहायला बसलो. त्याचा आवाज, त्याचे पाठांतर, त्याचे पक्ष्यांचे वेड... दोन वेळा गोडगोड मजकूर लिहिला आणि दोन्ही वेळा फाडला. कारण अंतूबद्दल आमच्या मोहल्ल्यात जी एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे. तरुणपणी डोंगरात गेला असता अंतूभटाने परक्या जातीच्या बाईच्या घरचा शिजलेला भात खाल्ला, आणि वर ताठा असा की प्रायश्चित्तही घेतले नाही, म्हणून वैदिकांच्या पंक्तीतून तो उठला तो उठलाच, असे सगळे सांगतात. तो भात अंतूने खाल्ला नाही. मी खाल्ला.

आता क्रमाने सांगतो. म्हातारपणी क्रम सुटतो, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तो गेला त्या सकाळी मी नेहमीसारखा पंचगंगा घाटावर स्नानाला निघालो होतो. माझे घर संकठादेवीच्या देवळामागच्या गल्लीत. तिथून संकठा घाटावर उतरायचे आणि काठाकाठाने पंचगंगेपर्यंत जायचे, हा माझा जन्माचा रस्ता. अंतूची खोली त्याच घाटाच्या वरच्या अंगाला, नदीकडे खिडकी असलेली. पूर्वी तो खाली पायरीवर बसून पाठ म्हणे. दिवाळीनंतर त्याच्या अंगाची डावी बाजू गेली, तेव्हापासून खाटेवरूनच म्हणे, आणि खिडकीतून आवाज खाली येई. त्या दिवशी खिडकी लावलेली होती. मी थांबलो. होडी धूत असलेला रामनाथ मल्लाह कंबर सरळ करून म्हणाला, "पंडितजी, चिडियाभट चल गइलन. भोरे में." आणि परत होडी धुवायला लागला. घाटावरच्या माणसांना मरणाची सवय असते. मी मात्र तिथेच पायरीवर बसलो, आणि खरे सांगतो, पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. 'आता राहिलेच,' असा होता.

चिडियाभट हे नाव त्याला मोहल्ल्याने दिले. मूळचा तो अंतू, म्हणजे अनंत. आम्ही दोघे एकाच वयाचे, एकाच गुरुजींकडे वेद शिकलो. गुरुजींना सगळे भाऊगुरुजी म्हणत. त्यांच्याकडे शिकवण्याची रीत जुनी होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावायच्या आणि समोरासमोर बसवायचे. एकाने एक खंड म्हणायचा आणि थांबायचे, दुसऱ्याने पुढचा खंड उचलायचा. मंत्रजागरात दोन्ही पंक्ती अशाच एकमेकींना उत्तर देत जातात. माझी जोडी अंतूशी लागली ती लहानपणीच. पुढे पंक्तीत बसायला लागलो तेव्हा लोक आमची जोडी ऐकायला येत. त्यातले मर्म अंतूचे, हे मला तेव्हाही कळत होते. त्याचा खंड संपला की तो जेवढा थांबे तेवढ्यात माझा श्वास बरोबर भरलेला असे. माझी एखादी मात्रा डळमळली तर तो पुढचा खंड किंचित सावकाश घेऊन मला सावरून घेई. ऐकणाऱ्याला वाटे, दोघेही सारखेच तयार आहेत.

त्याचे कान देवाने कशासाठी घडवले होते कोण जाणे. पंचगंगेच्या वर मशिदीचा धरहरा, म्हणजे उंच मनोरा आहे, त्याच्या फटींत पोपटांची वस्ती. त्यातला कोणता पोपट आज घाबरलाय आणि कोणता नुसता भांडतोय हे अंतू पाठ म्हणता म्हणता सांगे. आमच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात, उंच असेल तर हात वर, खाली असेल तर खाली. अंतू पक्ष्याचे बोलणेही हाताने दाखवी. शरदात वाळूवर शेपूट हलवत धोबी पक्षी आला की त्याचे बोट आपोआप हलायला लागे. भाऊगुरुजी ओरडत, "अनंता, वेद म्हणतोयस की चिमण्या उडवतोयस?" तो म्हणे, "गुरुजी, तो चुकत नाही हो. रोज म्हणतो तसाच म्हणतो." गुरुजींना हसू येई आणि ते दाबायला ते तपकीर ओढत.

आम्ही पंचविशीच्या आसपास होतो तेव्हा दार्जिलिंगहून बोलावणे आले. तिकडे सरकारी रस्त्यांच्या कामावर एक मराठी इंजिनिअर होते. त्यांनी घूमजवळ घर बांधले होते आणि वास्तुशांतीला काशीचे वैदिकच हवेत असा त्यांच्या आईंचा हट्ट होता. गुरुजींनी आम्हा दोघांना पाठवले. दोन-तीन गाड्या, मध्ये एक आगबोट, आणि शेवटी ती डोंगरावर धापा टाकत चढणारी खेळण्यासारखी गाडी. आम्ही निघताना कोरडा शिधा, चूडा म्हणजे पोहे, गूळ, हरभरे, आपली भांडी आणि गंगाजळ बरोबर घेतले होते. वाटेत हाताने रांधायचे, नाहीतर कोरडे खायचे. कोणाच्या हातचे शिजलेले घ्यायचे नाही. हे आम्हाला कोणी सांगावे लागत नसे. पाठ म्हणताना मात्रा चुकवू नये, तसेच ते.

वास्तुशांत झाली. परतीला अजून तीन-चार दिवस होते. इंजिनिअरसाहेब बोलता बोलता म्हणाले, वर डोंगराच्या धारेवर असे रान आहे की तिथे ढग वरून जात नाहीत, झाडांतूनच चालतात. तिथे जंगलखात्याचा एक बंगला आहे, हवे तर चिठ्ठी देतो. आणि पक्षी म्हणाल तर... त्यांनी पुढे काही सांगितलेच नाही, कारण अंतू तोवर धोतराचा काचा मारून उभा राहिला होता. मी म्हणालो, "अरे, चार दिवस ऊब घेत बसू. इथे दात वाजतायत, वर काय होईल?" तो म्हणाला, "गोविंदा, तू घाटावर जन्मलास, घाटावर मरशील. मध्ये एकदा तरी झाड बघ."

ते रान मी विसरलेलो नाही. मोठमोठी झाडे, आणि एकाही झाडाची साल दिसत नव्हती. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळाच्या गोधड्या. फांद्यांवर नेचे, नेच्यांवर पाणी. पाऊस नव्हता तरी सगळे रान ठिबकत होते. गुरांस नावाचे लाल फुलांचे वृक्ष ढगात बुडून जायचे आणि ढग सरकला की एकदम समोर उभे राहायचे, जणू कोणी पडदा ओढला. खाली काशीत वैशाख भाजत असेल आणि आम्ही इथे दोन-दोन घोंगड्या पांघरून बसलो आहोत, याचे मला सारखे हसू येई. अंतू मात्र बसत नव्हता. पहाटेपासून तो बंगल्याच्या ओट्यावर उभा राही, डोळे मिटून, उजवा हात पुढे धरून. दिसत काही नव्हतेच. ढगात पक्षी दिसत नाहीत, ऐकू येतात. एक पक्षी माणसासारखी शीळ घाली. एक थवाच्या थवा कुठेतरी झुडपात खो-खो हसे आणि गप्प होई. अंतू म्हणे, "बघ, हे भाऊगुरुजींचे विद्यार्थी. गुरुजींची पाठ वळली."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाताला धरून ओढत बाहेर नेले. दरीतून आवाज येत होता, लांब, रडवा, 'पी-ऊ, पी-ऊ', न थकता एकसारखा. तो थांबला की दुसऱ्या झाडावरून दुसरा आवाज, जरा घाईचा, त्यात मिसळून जाई. घूमहून आमचे ओझे घेऊन आलेल्या हमालाने सांगितले की तो तांबटाच्या जातीचा मोठा पक्षी, आणि उत्तर देते ती मादी. अंतू हाताने स्वर दाखवत उभा होता. मग म्हणाला, "गोविंदा, जोडी आहे रे. आपल्यासारखी. ढगात दिसत नाही ना, म्हणून तो आपला खंड म्हणतो आणि थांबतो. म्हणजे विचारतो, आहेस का जागेवर?" मी म्हणालो, "आणि तिने उत्तर दिलं नाही तर?" त्याने डोळे उघडले. त्याला प्रश्नच कळला नव्हता बहुतेक. म्हणाला, "देईल की. नाहीतर पाठ पुरा कसा होणार?"

त्याच पक्ष्याच्या मागे आम्ही वाट चुकलो. तिसऱ्या दिवशी सकाळी हमालाला बंगल्यावर ठेवून आम्ही दोघेच दरीच्या अंगाने उतरलो, आणि ढग असा आला की स्वतःचे पाय दिसेनात. चालत राहिलो. भिजत राहिलो. एका ओढ्यात माझा पाय घसरला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेलो. शिध्याची पिशवी माझ्याच खांद्याला होती, ती वाहून गेली. अंतूने दोन्ही घोंगड्या माझ्यावर टाकल्या, पण त्याही ओल्याच. काही वेळाने मला थंडी वाजेनाशी झाली आणि झोप येऊ लागली. अंतूला ती झोप पसंत पडली नाही. तो मला थोबाडीत मारून मारून चालवत होता. "माझ्या पाठीमागे म्हण," म्हणे आणि खंड म्हणे, आणि मी पुढचा म्हणत चालायचो. माझे शब्द तोंडात गोळा होत. एके ठिकाणी धुराचा वास आला. अंतूने मला सोडले आणि धुराच्या दिशेने धावत तो आधी एका झोपडीत शिरला, मग येऊन मला ओढत आत नेले.

झोपडीत एक बाई होती. तिला खालच्या वाडीत माइली म्हणत, हे नंतर समजले. तिने मला पाहिले, काही विचारले नाही, चुलीजवळ ढकलले आणि माझे ओले कपडे ओढून काढायला लागली. मी लाजलो तर म्हणाली, "शरम बाद में. पहिले जिंदा रहो." चुलीवर भाताची पेज होती, त्यात कसलासा रानपाला घातलेला. तिने ती भांड्यात ओतली आणि माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. तिने अंतूकडे पाहिले. "बाम्हन हो?" अंतू म्हणाला, "हां." ती म्हणाली, "तो क्या? बाम्हन ठंड से नहीं मरता?"

अंतूने तिच्या हातातून भांडे घेतले. माझ्या शेजारी बसला, माझे डोके आपल्या खांद्यावर घेतले आणि भांडे माझ्या ओठाला लावले. म्हणाला, "पी. देह आधी. बाकीचं काशीत बघू." मी प्यालो. पहिला घोट त्याच्या आग्रहाखातर प्यालो असे मी पुढे स्वतःला सांगत आलो, पण दुसरे भांडे मी माझे मी मागितले, आणि तिसरे बोटांनी पुसून खाल्ले. इतके चविष्ट मी जन्मात काही खाल्लेले नाही. हेही मी कधी कोणाला सांगितलेले नाही. माइलीने अंतूपुढेही भांडे धरले. त्याने हात जोडले. म्हणाला, "माई, मैं अभी चल लेता हूँ. इससे चला नहीं जाता था." ती हसून म्हणाली, "तू पगला है." त्याच्या कनवटीला चार हरभरे होते ते त्याने चघळले, आणि ऊन पडेपर्यंत माझे तळपाय चोळत बसला. संध्याकाळच्या आत हमाल शोधत आला तेव्हा मी बसता झालो होतो. जाताना अंतू तिच्या पाया पडला. ती दचकून मागे सरली.

काशीला आलो. मी बोललो नाही, अंतू बोलला नाही. पण हमालाने इंजिनिअरांच्या स्वयंपाक्याला सांगितले होते, की दोन पंडितांतल्या एकाने माइलीच्या घरी भात खाल्ला. हमालाने कौतुकानेच सांगितले असेल. तो स्वयंपाकी आमच्याच मोहल्ल्यातला. पावसाळ्यात घरी आला आणि बरोबर ही बातमी घेऊन आला. कोरडे काही असते तर शास्त्रींनी वाद घातला असता, आपत्काली काय चालते आणि काय नाही. शिजलेला भात म्हटल्यावर वादाला जागाच नव्हती.

भाऊगुरुजींच्या माडीवर चार वडीलधारे बसले. आम्हा दोघांना बोलावले. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचे, मथूचे लग्न ठरले होते, आणि तिचे सासरे त्या चौघांतले एक होते. आईवडील नसलेली मुलगी. मीच तिचा बाप. हे मी सबब म्हणून लिहीत नाही... सबब म्हणूनच लिहितो आहे, दुसरे काय. गुरुजी म्हणाले, "दोघांतल्या एकाने अन्न घेतलं असं कानावर आलंय. कोणी, ते ज्याचं त्याने सांगावं."

माझा खंड होता. अंतूने माझ्याकडे पाहिले. पंक्तीत आपला खंड संपला की पाहायचा तसेच, सहज, श्वास भरायला वेळ देऊन. मी चटईच्या काड्यांकडे पाहत राहिलो. जेवढे थांबायचे तेवढा तो थांबला. त्याहून थोडा जास्त थांबला. मग म्हणाला, "त्या घरात आधी मी शिरलो, गुरुजी. भांडं माझ्या हातात होतं."

एक अक्षरही खोटे नव्हते त्यात. वेदाची मात्रा न बदलणारा माणूस तो, खोटे बोलणार कुठून? जेवढे खरे होते तेवढे त्याने सांगितले आणि उरलेले माझ्यासाठी सोडले. मी ते उचलले नाही. मथूच्या सासऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. माझाही त्यात होता.

आता माझी खरी चूक सांगतो, कारण ती आमच्यासारख्या माणसांच्याच हातून होते. मी माडी उतरताना मनाशी हिशेब केला होता, की हे थोड्या दिवसांचे आहे. प्रायश्चित्त होईल. क्षौर, स्नान, पंचगव्य, उपवास. आमच्यात अशा गोष्टींची वाट ठरलेली असते आणि वाटेच्या शेवटी पंक्तीतली जागा असते. अंतू घेईल प्रायश्चित्त, मथूचे लग्न होईल, मग मी त्याच्या पाया पडेन, आणि वर्षाच्या वसंतपूजेला आम्ही पुन्हा समोरासमोर बसू. मी शास्त्र बघितले, माणूस बघितला नाही. अंतूने प्रायश्चित्त घ्यायला नकार दिला. गुरुजी स्वतः त्याच्या घरी गेले, हात धरला, म्हणाले, "अरे, विधी तो काय, दहा दिवसांत मोकळा होशील." तो म्हणाला, "गुरुजी, संकल्प म्हणावा लागेल ना? मी अमुक केलं, त्याच्या निवारणार्थ, असं? ते मला म्हणता येणार नाही." गुरुजींना वाटले, माज आहे. सगळ्यांना वाटले, माज आहे. मला एकट्याला समजले, की गंगेत उभे राहून त्याला माझ्यासाठीसुद्धा खोटे म्हणता येत नव्हते. माझे नाव घेतले असते तर तो एका वाक्यात सुटला असता. तेही त्याने केले नाही. मग त्याला जायला वाटच राहिली नाही, आणि ती बंद करणारा मी होतो.

मथूचे लग्न झाले. मग वाटले, तिला मूल होऊ दे. मग भाऊगुरुजी थकले, त्यांच्या म्हातारपणी हे कशाला. मग मी स्वतः विद्यार्थी घेऊ लागलो, त्यांच्या विद्येला बट्टा लागेल. मग माझ्या मुलांची लग्ने. प्रत्येक वर्षी एक चांगले कारण असे, आणि ते खरेच असे. पंक्तीत अंतूच्या जागी दुसरा जोडीदार बसला. बरा होता. अंतूने पोथ्या नकलून दिल्या, बंगाली मुलांना संस्कृत शिकवले, आणि कसेबसे घर चालवले. त्याच्या बायकोला, दुर्गावहिनींना, हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्याच्या मुलीला मोहल्ल्यात स्थळ मिळाले नाही, दूर इंदूरकडे द्यावी लागली. मी त्याच्याकडे जात असे. सणाला, आजारपणाला, कधी नुसताच. लोक म्हणत, गोविंदभट मोठ्या मनाचे, वाळीत टाकलेल्या जोडीदाराला सोडले नाही... ते ऐकूनही मी घरी येऊन जेवत असे.

अंतू त्या डोंगराबद्दल बोले, पण फक्त पक्ष्यांबद्दल. आणि दर वेळी उठताना विचारी, "मथू कशी आहे रे?" एवढेच. त्यात टोचणी नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे असे.

आणि रोज पहाटे तो पायरीवर बसून पाठ म्हणे. पंक्ती नव्हती, गुरू नव्हता, समोर कोणी नव्हते. तो आपला खंड म्हणे आणि थांबे. जेवढ्यात मी माझा खंड म्हटला असता, तेवढा वेळ थांबे. मग त्याच्या पुढचा खंड उचली. अनोळखी यात्रेकरूंना वाटे, म्हातारा विसरला, आठवतोय. घाटावरची पोरे त्याची नक्कल करत, दोन शब्द बोलून तोंड उघडे ठेवून बसत. मला मात्र समजत असे. मी रोज वरच्या पायऱ्यांवरून जाई, ओलाव्यावर जपून पाय टाकत. तो थांबला की त्या मोकळ्या जागेत माझे शब्द मला मनात ऐकू येत, सगळे, मात्रेसकट. ओठ मात्र हलत नसत. तो कधी वर पाहत नसे. माझ्या पावलांचा आवाज त्याने ओळखला नसेल, असे ज्याला पोपटाचा राग आणि भीती वेगळी कळते त्याच्याबद्दल मी कसे म्हणू?

मथू गेल्या वर्षी वारली. आता कोणतेच कारण उरले नाही, तरी मी आणखी एक वर्ष काढले.

तेराव्याला अंतूच्या घरी पंक्तीला वैदिक मिळेनात. दुर्गावहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी बसाल ना?" मी बसलो. दोघे दुसऱ्या मोहल्ल्यातून आणले. वाढताना वहिनी माझ्या पानापाशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जन्मभर मी यांना बोलत आले हो. म्हणायची, एवढी कसली भूक लागली होती तुम्हाला, की बायकापोरांचा विचार केला नाहीत? हे नुसते हसायचे." माझ्या पानात भात होता. तो मी खाल्ला. श्राद्धाचे पान टाकून उठता येत नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या मला दारात उभे करतील की नाही, ठाऊक नाही. ज्या पंक्तीत मी इतकी वर्षे बसलो तिथली माझी जागा आता वैदिकांनी कोणालाही द्यावी. माझे प्रायश्चित्त काय ते शास्त्रींनी सांगावे, मी संकल्प नीट, मोठ्याने म्हणेन. पण हे सगळे वहिनींसाठी आणि मोहल्ल्यासाठी झाले. ज्याला सांगायचे होते त्याची खोली आता रिकामी आहे. खिडकी उघडी असते. वहिनींनी खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. मी अजून रोज तिथून पंचगंगेला जातो आणि त्या पायरीच्या वर आलो की पाय आपोआप थांबतात, त्याच्या एका खंडाएवढे.

शेवटची भेट तो जाण्याच्या तीन-चार दिवस आधीची. दुपार होती, वहिनी बाजारात गेल्या होत्या, आम्ही दोघेच होतो. मी ठरवून गेलो होतो. गल्लीतून येताना वाक्यही घोकले होते. 'अंतू, ती पेज मी प्यालो, आणि तुझा जन्म मी खाल्ला. मला क्षमा कर.' लहान वाक्य होते, एका श्वासात बसणारे. अंतूचे डोळे मिटलेले होते. मी खाटेजवळ बसलो तसा तो न पाहताच म्हणाला, "गोविंदा, तो दरीतला आठवतो?" आणि त्याने उजवा हात उचलला. तेवढा एकच चालत होता. हात वर गेला, खाली आला, आणि बारीक झालेल्या आवाजात त्याने ती लांब हाक काढली, पी-ऊ, पी-ऊ. मग हात तसाच हवेत धरून तो थांबला.

मला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला. मग त्याहून जास्त. हात त्याने खाली घेतला नाही. माझा श्वास भरलेला होता, वाक्य ओठाशी होते.

मी म्हणालो, "पाणी देऊ का रे?"